माफी झाली, भरपाई राहिली
(सोलापुरात लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, दिवसांत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

जय ख्रिस्त. ऊन आत्तापासूनच तापायला लागलंय, बरेच जण कामावरनं थेट आलेले दिसतायत, त्यामुळे लांबण न लावता सरळ विषयावर येतो. आपल्या मंडळीत एक समज फार पक्का बसलाय, की देवाजवळ पाप कबूल केलं, डोळ्यातनं पाणी आलं, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली की विषय संपला, आता कुणी विचारायचं नाही. मला हे पटत नाही, आणि पवित्र शास्त्रात बघितलं तर तिथंही असं लिहिलेलं नाही.

दावीद राजाचं बघा, बायबलमध्ये 2 शमुवेल 11 आणि 12. उरीया या आपल्याच सैनिकाच्या बायकोशी, बथशेबाशी, त्यानं व्यभिचार केला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण त्यातला उरीया आपण विसरतो. ती गरोदर आहे म्हटल्यावर दावीदानं तिच्या नवऱ्याला लढाईवरनं बोलावून घेतलं, घरी जा आराम कर म्हणाला, म्हणजे बाळ त्याच्या नावावर खपेल. उरीया घरी गेलाच नाही, सोबतचे लोक उघड्यावर झोपलेत मग मी कसा जाऊ म्हणून राजवाड्याच्या दारात चाकरांबरोबर झोपला. दुसऱ्या दिवशी दावीदानं त्याला दारू पाजली, तरी गेला नाही. मग दावीदानं सेनापती यवाबाला चिठ्ठी लिहिली, की याला जिथं लढाई जोरात आहे तिथं पुढं ठेवा आणि तुम्ही मागं सरका, आणि ती चिठ्ठी न्यायला दिली कुणाच्या हातात? उरीयाच्याच. तो माणूस स्वतःचं मरण खिशात घेऊन इमानदारीनं चालत गेला ओ. पाप झाकायला लागलं की ते किती खाली नेतं हे मला दुसऱ्या कुठल्या गोष्टीत एवढं स्वच्छ दिसत नाही.

पुढं बाळ जन्मलं तरी दावीद गप्पच. 32 व्या स्तोत्रात तो म्हणतो की मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली, रात्रंदिवस तुझा हात माझ्यावर जड होता. मग नाथान संदेष्टा आला, एका श्रीमंतानं गरिबाची एकुलती एक मेंढी हिसकावली अशी गोष्ट सांगितली, दावीद चिडून म्हणाला त्या माणसानं चौपट भरून द्यावं, आणि नाथान म्हणाला, तूच तो मनुष्य. दावीद म्हणाला मी पाप केलंय. आता नाथानाचं उत्तर नीट ऐका, तो म्हणतो परमेश्वरानं तुझं पाप दूर केलंय, तू मरणार नाहीस, आणि त्याच दमात सांगतो की मूल जगणार नाही, तुझ्या घरातनं तलवार हटणार नाही हे तर त्यानं आधीच सांगितलं होतं. माफी आणि परिणाम एकाच वेळी, एकाच माणसाच्या तोंडून.

आपल्या मागवाल्यांना हे लगेच कळेल. ताण्याची एक तार तुटली आणि माग तसाच चालू ठेवला तर चादरीत रेघ पडत जाते, माग थांबवून गाठ मारली की पुढचं कापड चांगलं येतं, पण मागं विणून झालेल्यातली रेघ काय जात नाही. कबुली म्हणजे माग थांबवणं. लवकर थांबवला तर रेघ छोटी.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगतो नाहीतर घोटाळा होईल. कुणाचं लेकरू आजारी पडलं, कुणाचा धंदा बसला, की याच्या घरात काहीतरी पाप असेल असं बोलायचं नाही. योहान 9 मध्ये जन्मापासून आंधळ्या माणसाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं, यानं पाप केलं की याच्या आईबापानं, आणि येशूनं सांगितलं यानंही नाही, त्यांनीही नाही. परिणाम स्वतःच्या पापाचे मोजायचे, शेजाऱ्याच्या नाही.

दावीदाच्या आधीचा राजा शौलसुद्धा शमुवेल संदेष्ट्याला म्हणाला होता, मी पाप केलंय. शब्द तेच. पण लगेच पुढं म्हणतो, तरी वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राख. दावीद कसा वागला ते त्याच्या मुलाच्या, अबशालोमाच्या, बंडात बघा, अनवाणी, डोकं झाकून, रडत जैतूनाचा डोंगर चढला, आणि पुढं वाटेत शौलाच्या घराण्यातला शिमी त्याला शिव्याशाप देत दगड मारायला लागला. दावीदाचा माणूस अबीशय म्हणाला हुकूम करा, याचं डोकं उडवतो. दावीद म्हणाला देऊ दे शिव्या. मला माफी मिळालीय, तू कोण बोलणारा, असं तो म्हणाला नाही. खरी कबुली मला तिथं दिसते, त्या दगडांत.

मग कबुली द्यायची कुणाजवळ? कॅथलिक मंडळीत फादरजवळ पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, करतात, 1215 च्या लॅटरन या चर्चच्या मोठ्या सभेपासून वर्षातनं एकदा तरी करायचाच असा नियम आहे. आपण आराधनेत सगळे मिळून पापांगीकाराची प्रार्थना म्हणतो, सवयीनं म्हणतो, पुढच्या ओळीकडे डोळा ठेवून म्हणतो. प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणाऱ्या ल्यूथरनं सक्तीला विरोध केला पण एकट्यानं जाऊन कबूल करणं त्यानं मोडीत काढलं नव्हतं, हे आपण विसरलो. याकोब 5:16 तर सरळ म्हणतो एकमेकांजवळ कबूल करा. पुण्याला जाताना दौंडच्या पुढं केडगाव लागतं, तिथं पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली मुली रडून रडून पापं कबूल करत होत्या, ते संजीवन, म्हणजे ती आत्मिक जागृती, आपण अजून अभिमानानं सांगतो, फक्त त्यातलं रडणं सांगतो, कबुली सांगत नाही.

आणि बायबलमधलं गणना 5 उघडा. ज्याचं नुकसान केलं त्याला मुद्दल पूर्ण द्यायची आणि वर पाचवा हिस्सा. समजा एखाद्या बाईनं भिशीचे दहा हजार घरात वापरले, वहीत आकडा फिरवला, तर बारा हजार द्यायचे, ज्या बायकांचे होते त्यांना, वही समोर ठेवून. चर्चच्या दानपेटीत टाकून चालत नाही, पैसे त्या बायकांचे आहेत, काहीजणी विड्या वळून भरतात ते. त्या चिडतील, बोलतील, पुढं भिशी तिच्याकडे देणार नाहीत, ते ऐकून घ्यायचं. येशूला भेटलेल्या जकातदार जक्कयाला कुणी आकडा सांगितला नव्हता, तो स्वतःच चौपट म्हणाला.

माईकवर मंडळीसमोर सगळं ओकायचं असा याचा अर्थ नाही, त्यानं दुसऱ्याचीही अब्रू जाते. आणि ज्यानं घरात बायकोवर, लेकरावर हात टाकलाय त्यानं बायबलमधलं वचन दाखवून तिच्याकडे माफी मागून घेणं ही कबुली नाही, तिच्यावर दुसरा जुलूम आहे. गुन्हा असेल तर पोलीस स्टेशनला जाणं हाही कबुलीचाच भाग आहे, आणि पाळकांनी ते झाकू नये, हे मी पाळकसाहेबांसमोरच बोलतोय.

समोरच्यानं माफ केलं नाही तर काय, असं मघाशी एका ताईंनी चिठ्ठीत विचारलंय. नाही करणार कदाचित. त्याला वेळ लागेल, तो त्याचा हक्क आहे, तुम्ही देणं मात्र देऊन या. येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. मत्तय 5 मध्ये प्रभू म्हणतो की भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे असं वेदीपाशी आठवलं तर दान तिथंच ठेव आणि आधी भावाकडे जा, तेव्हा कुणाला जायचं असेल तर मधे चार दिवस आहेत, आणि एकट्यानं जायला जड जात असेल तर शनिवारी संध्याकाळी पाळकसाहेब ऑफिसमध्ये बसणार आहेत, ते सोबत येतील.