पावसात सायकलचा ब्रेक लागंना? आधी ती तेलाची बाटली बाजूला ठेवा

नमस्कार मंडळी. मिरग लागला की कमेंटमध्ये एकच धोशा: "दादा, पावसात ब्रेक लागंना झालाय, काय करू?" खानापूर, निपाणी, इथं बेळगावात शहापूर-वडगाव, सगळीकडनं हेच. म्हणून आज सायकल स्टँडवर घेतलीय. कॅमेरा जरा खाली करतो. हां, आता रिम, म्हणजे टायर बसतो ती चाकाची कड, दिसतेय.

सोपं ते पटापट उरकतो. लिव्हर दाबल्यावर हँडलला टेकत असेल तर केबल सैल आहे. लिव्हरजवळचा हा गोल अ‍ॅडजस्टर बाहेर काढत फिरवा, नाही भागलं तर खालचा नट सोडून केबल ओढून घ्या. रिमला घासणाऱ्या ब्रेकच्या रबरावरच्या खाचा संपल्या की रबर बदला. रबर टायरला घासायला नको, रिमच्या खालीही उतरायला नको. केबलची एखादी तार जरी तुटून बाहेर आली असेल तरी केबल नवीन घाला. झालं.

आता मुद्द्याचं. ब्रेक कुंई-कुंई करतो म्हणून त्यात तेल सोडणारी मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एका काकांनी लिहिलंय, "खोबरेल लावा, दोन थेंबांत आवाज गायब." काका, आवाज जातोय, खरं ब्रेकपण जातोय! रबर रिमला घासतं म्हणून चाक थांबतं. ते घासणंच बंद केलं तर थांबवणार कशानं, शिट्टी मारून?

बरं, काही जण म्हणतात, आम्ही ब्रेकला नाही, चेनला तेल मारतो. बघा की कसं मारता ते. आमच्या गल्लीतल्या पोराची सायकल शाळा सुरू व्हायच्या आधी एका दुकानातनं सर्व्हिसिंग होऊन आली. चेनवर स्प्रे मारताना मागची रिम झाकलीच नव्हती. पोरगं राजहंसगडावरनं येळ्ळूरकडं उतरताना मागचा ब्रेक दाबतंय, दाबतंय, काही नाही. शेवटी पाय घासत थांबलं. चपलेचा तळवा गेला, पोरगं वाचलं. मी रिमवर पाणी ओतलं तर पाण्यावर रंगीत तवंग.

आणि तिसरे रॉकेलवाले. पावसाळ्याआधी अख्खी सायकल रॉकेल नाहीतर डिझेलनं पुसायची, चकचकीत करायची. चेन पुसा ना, कोण नको म्हणतंय? पण तेच फडकं रिमवर फिरवू नका. रिमवरचं तेल साबणाच्या पाण्यानं नाहीतर स्पिरीटनं निघतं. रबरात मुरलेलं मात्र सहजी निघत नाही. वरचा थर पॉलिश पेपरनं घासून बघा. तरी बुळबुळीत लागलं तर टाकून द्या. नवीन रबर काय फार महाग नसतं.

तेल कुठं घालायचं तेही सांगतो, नाहीतर म्हणाल नुसताच ओरडतो. चेनला. केबलच्या आवरणात एक थेंब, कारण पाणी शिरून तिथंच गंज धरतो आणि लिव्हर जड होते. ब्रेकचा हात जिथं फिरतो त्या खिळीला एक थेंब. रिमपासून सांभाळून, आणि लगेच फडक्यानं पुसून. बास.

मग आवाजाचं काय? हे रबर काढलंय, जवळनं बघा. काळ्या रबरात हे चमकणारे कण दिसतात? खडीची बारीक कच शिरली की ती अ‍ॅलॉयची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, रिम खरवडते, आणि रिमचेच तुकडे रबरात रुततात. आमच्याकडं जांबोटीच्या रस्त्याला तांबड्या मातीत एक पाऊस झाला की हे ठरलेलं. दाभणानं एकेक कण उकरून काढा, मग पॉलिश पेपर मारा. बऱ्याचदा आवाज इथंच थांबतो.

नाही थांबला तर रबर किंचित तिरकं बसवायचं. सायकल ज्या दिशेला जाते, त्या बाजूचं रबराचं टोक रिमला आधी टेकलं पाहिजे. जुनी लग्नपत्रिका घ्या, बारीक पट्टी कापा, जरूर तर दुमडा, साधारण १ मिलिमीटर जाड. रबराच्या मागच्या टोकाखाली धरा, लिव्हर दाबून ठेवा, ५ नंबरच्या अ‍ॅलन कीनं नट आवळा, पट्टी ओढून काढा. तेल नाही, काही नाही.

आता चालवताना. ओल्या रिमवर पहिला ब्रेक नुसतं पाणी पुसण्यात जातो. म्हणून पावसात चौक यायच्या बऱ्याच आधी लिव्हर हलकी धरा, पाणी पुसू दे, मग दाबा. स्टीलच्या रिमला तर हे जास्तच लागू. २००६-०७ पासून कर्नाटकात आठवीच्या मुलांना सरकारी सायकली मिळायला लागल्या, त्यातल्या कितीतरी अजून गोठ्यात, परड्यात उभ्या आहेत. तसली जुनी सायकल काढणार असाल तर रिम आधी बघा. स्टील ओली झाली की ब्रेक अ‍ॅलॉयपेक्षा पुष्कळ कमी लागतो, त्यामुळं वेगच कमी ठेवा.

"पुढचा ब्रेक मारला की माणूस उलटतो," अशी एक कमेंट दर वर्षी येते. ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळं खरं थांबवतो पुढचाच. नुसता मागचा दाबला की चाक अडकून घसरतं. दोन्ही एकदम, हळूहळू जोर वाढवत दाबा. पण टिळकवाडीच्या रेल्वे गेटात रुळांवर ब्रेक नको, आधीच वेग कमी करा आणि रूळ सरळ काटकोनात ओलांडा. रोपलावणीच्या दिवसांत येळ्ळूर रोडला ट्रॅक्टरच्या चाकाचा चिखल पडलेला असतो, तिथंही तेच: ब्रेक चिखलाच्या आधी.

डिस्क ब्रेकवाल्यांनो, म्हणजे ज्यांचा ब्रेक रिमऐवजी चाकाच्या मधल्या चकतीला धरतो, हसू नका. तुमच्या चकतीला बोटाचं तेलसुद्धा चालत नाही. चकती स्पिरीटनं पुसून होते, पण पॅडला तेल लागलं की बहुतेक वेळा नवीनच घालावं लागतं. आणि पॅड गॅसवर भाजून तेल जाळणाऱ्यांच्या कमेंट मी वाचल्यात. घरात धूर करू नका बाबांनो.

रॉड ब्रेकचं, म्हणजे केबलऐवजी सळीवर चालणाऱ्या ब्रेकचं, बरेच जण विचारालेत. त्याचं अ‍ॅडजस्टमेंट अगदीच निराळं, त्यावर वेगळा व्हिडिओ करतो. तुमच्या सायकलीचा ब्रेकजवळनं काढलेला फोटो तयार ठेवा.