चष्मा डोळ्यांवर नसताना

लेसर प्रयोगशाळेच्या दाराशी अडकवलेल्या संरक्षक चष्म्याच्या कडेवर बारीक अक्षरांत दोन आकडे छापलेले असतात. ही काच कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश अडवते, हे पहिला आकडा सांगतो आणि किती अडवते, हे दुसरा. दुसरा आकडा ६ असेल, तर दहा लाखांतला एकच भाग पलीकडे पोहोचतो. हा चष्मा सर्वांत नकोसा होतो तो अलाइनमेंटच्या वेळी, म्हणजे टेबलावरचे आरसे केसभर हलवून किरण वाटेवर आणताना; आणि अपघातही बहुधा तेव्हाच होतात.

१९९३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात, जेरार मूरू यांच्या प्रयोगशाळेत असेच घडले. चष्मा नीट डोळ्यांवर नसताना एका संशोधक विद्यार्थ्याच्या डोळ्यात भरकटलेला किरण शिरला. तो किरण अवरक्त, म्हणजे दृश्य लाल रंगाच्या किंचित पलीकडचा होता. अशा किरणाचा धोका दुहेरी असतो: तो जवळजवळ दिसत नसल्याने पापणी मिटत नाही, आणि डोळ्याचेच भिंग त्याला दृष्टिपटलावर एका बिंदूत आणून त्याची तीव्रता सुमारे एक लाख पटींनी वाढवते. दृष्टिपटलाला वेदनाही कळत नाहीत.

विद्यार्थ्याला तपासणारे तरुण नेत्रतज्ज्ञ रॉन कुर्ट्झ चकित झाले ते जखमेच्या नेटकेपणाने. लेसरच्या नेहमीच्या भाजण्यात आजूबाजूची ऊतीही होरपळते; येथे मात्र लहानसे, अगदी गोल आणि स्वच्छ कडांचे वर्तुळ होते. इजा कशाने झाली, हा त्यांचा प्रश्न त्यांना थेट मूरू यांच्याकडे घेऊन गेला.

उत्तर स्पंदाच्या, म्हणजे लेसरच्या एकेका क्षणिक झोताच्या, कालावधीत होते; तो फेम्टोसेकंदांत मोजावा लागे. एक फेम्टोसेकंद म्हणजे इतका क्षण, की सेकंदाशी त्याचे जे प्रमाण, तेच एका सेकंदाचे सुमारे ३ कोटी १७ लाख वर्षांशी. एवढ्या अल्पावधीत उष्णतेला शेजारी पसरायला सवडच मिळत नाही. असे तीव्र स्पंद मिळवण्याची युक्ती मूरू आणि डॉना स्ट्रिकलंड यांनी १९८५ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात शोधली होती. स्पंद आधी ताणायचा, म्हणजे त्याची तीव्रता उतरते. मग तो वर्धित करायचा आणि शेवटी पुन्हा आवळायचा. न ताणता वर्धित केला, तर वर्धकाचा स्फटिकच खराब होतो. याच कामासाठी २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात दोघांना वाटा मिळाला.

कुर्ट्झ आणि टिबोर युहास यांनी १९९७ मध्ये कंपनी काढली आणि चष्म्याचा नंबर घालवण्याच्या लॅसिक शस्त्रक्रियेत पात्याची जागा या लेसरने घेतली. पारपटल, म्हणजे डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्याच्या आत, मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाइतक्या खोलीवर, स्पंद एकेक सूक्ष्म बुडबुडा उठवतात. शेजारी शेजारी असे हजारो बुडबुडे उठले की वरचा पातळ पापुद्रा पुस्तकाच्या पानासारखा उचलता येतो.

आणि या यंत्राचे झाकण दुरुस्तीसाठी उघडण्यापूर्वी तंत्रज्ञ खिशातून चष्मा काढतो, कडेवरचे दोन आकडे वाचतो, आणि मगच तो डोळ्यांवर चढवतो.