‘जाल’ची चोपडी

श्रोतेहो, नमस्कार. गुरुदत्त म्हटलं की ‘प्यासा’ आठवतो, फार तर ‘बाजी’. पण ‘बाजी’च्या पाठोपाठ १९५२ साली आलेला ‘जाल’ विस्मरणातच गेला. समुद्रकाठचं ख्रिस्ती कोळीगाव, टोनी नावाचा तस्कर आणि त्याच्यावर जीव लावून बसलेली मारिया. देव आनंद इथे उघड उघड दुष्ट. व्ही. के. मूर्ती गुरुदत्तचे छायाचित्रकार झाले तेही याच सिनेमापासून. आणि गीता बालीला तिचं श्रेय आपण आजवर दिलेलं नाही, हे मी कुठेही सांगेन.

संग्राहक ‘जाल’च्या मागे असतात ते कागदासाठी. पोस्टर, लॉबी कार्ड (थिएटरच्या दर्शनी भागात लावायची सिनेमाची चित्रं) आणि विशेषतः थिएटरात मिळायची ती गाण्यांची चोपडी. तिच्यात अर्धीच गोष्ट असायची, पुढचं पडद्यावर पाहा म्हणून. सिनेमा उतरला की चोपडी रद्दीत. म्हणून ती दुर्मीळ.

फोंड्याच्या माझ्या एका स्नेह्यांना ती म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यात मिळाली. घरी येऊन पाहतात तर ‘ये रात ये चांदनी’च्या समासात पेन्सिलीने पाच रेघा, त्यांवर बारीक नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीची स्वरलिपी! मुंबईचा एक व्यापारी म्हणाला, “तेवढं खोडून द्या, दाम वाढवून देतो.” स्नेही उठले ते थेट मडगावला, एका वयस्क व्हायोलिन मास्तरांकडे. मास्तरांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला, वाजवून पाहिलं. चाल काही ओळखू येईना. पुन्हा वाजवलं. तेवढ्यात मास्तरांच्या पत्नी स्वयंपाकघरातून तेच गाणं गुणगुणत आल्या, आणि दोन्ही सूर एकमेकांत चपखल बसले. समासात होती ती गाण्याखालची साथ! चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले कितीतरी गोंयकार तेव्हा मुंबईच्या स्टुडिओत वाजवत. त्यांच्यापैकी कुणाचा हात असेल का? मास्तर एवढंच म्हणाले, “कान तयार आहे.”

चोपडी विकली नाही. कोऱ्या पांढऱ्या कागदात घालून कोरड्या कपाटात ठेवली आहे.

तुमच्याकडे असा कागद असेल तर लॅमिनेशन करू नका. पुन्हा सांगतो, लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. आणि जुन्या लाखेच्या ग्रामोफोन तबकड्या असतील तर त्या उभ्या ठेवा, आणि बुरशी आली तरी स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. नमस्कार.