स. न. वि. वि.

(पिवळं पडलेलं पोस्टकार्ड, त्यावर फिरणारं बोट)

डोळ्यांना दिसतात चार अक्षरं. पण आजी अडखळत नाहीत. वाचतात ते अख्खं, 'सप्रेम नमस्कार, विनंती विशेष'. हा संक्षेप. लिहायचा तोकडा, वाचायचा पुरा. चि., सौ., मु. पो., ता., जि. ही सगळी याच घरातली. पोस्टकार्डावर जागा ती केवढी!

(पुस्तकांचं कपाट)

पु. ल. म्हणताना मात्र कुणी 'पुरुषोत्तम लक्ष्मण' असं सोडवून वाचत नाही. ही आद्याक्षरं. आणि मराठी आद्याक्षर मात्रेसकट येतं. नुसता 'प' नाही, 'पु'. म्हणून ते जिभेवर सहज बसतं. गजानन दिगंबर माडगूळकरांचे गदिमा झाले, वसंत पुरुषोत्तम काळ्यांचे वपु. टिंबं गळाली, नाव राहिलं. गुरुनाथ आबाजी कुलकर्णी तेवढे 'गुआ' झाले नाहीत. ते इंग्रजी वळणानं जीए झाले, आणि आपल्याला त्यात काही खटकतही नाही.

(एसटी स्थानक, लाल गाडी वळण घेते)

१ जून १९४८, पुणे ते अहमदनगर, पहिली एसटी. 'स्टेट ट्रान्सपोर्ट'ची दोन अक्षरं, सुटी सुटी उच्चारलेली. शेकाप, भाजप ही अक्षरं मात्र जोडून थेट शब्दच झाली. त्यातल्या दुसऱ्याला इंग्रजीत बी-जे-पी असं एकेक अक्षर मोजावं लागतं.

(वर्ग, फळा, खडू)

तानापिहिनिपाजा! तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. हे कशाचं नाव नव्हे. हे स्मरणसूत्र, रंगांचा क्रम चुकू नये म्हणून.

आता बाई फळ्यावर दहा अक्षरं लिहितात: य मा ता रा ज भा न स ल गा. कवितेच्या वृत्तांचे आठ गण, म्हणजे लघु (आखूड) आणि गुरु (लांब) अक्षरांचे तीन-तीनचे गट, यात आहेत. कुठल्याही गणाचं अक्षर धरा, पुढची दोन जोडा. 'य' गण हवा? य-मा-ता. लघु, गुरु, गुरु. 'म' गण? मा-ता-रा. तिन्ही गुरु. 'न' गण? न-स-ल. तिन्ही लघु. सूत्र आणि उदाहरण एकाच ओळीत. शेवटचे ल आणि गा म्हणजे खुद्द लघु आणि गुरु.

पत्रं थांबली, तशी स. न. वि. वि. लिहिणारी माणसंही कमी झाली.

मागच्या बाकावरची मुलगी अजून बोटं मोजते आहे. स, ल, गा. लघु, लघु, गुरु.