लष्कर आणि लश्करगाह

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात कुणी 'जरा लष्करात जाऊन येतो' म्हणालं, तर तो भरती व्हायला निघालेला नसतो. बहुधा बिस्किटं आणायला निघालेला असतो. १८१७च्या खडकीच्या लढाईनंतर इंग्रजांच्या फौजेनं शहराबाहेर तळ ठोकला, आणि तो उठलाच नाही. मुक्कामाची वसाहत झाली, वसाहतीचा बाजार झाला.

आज ज्या गावाकडे तुम्हाला न्यायचंय, त्याच्या नावातही हाच शब्द आहे. अफगाणिस्तानातलं लश्करगाह. नावाचा अर्थच फौजेचा तळ. हजार वर्षांपूर्वी गझनीच्या सुलतानांचं सैन्य इथे हेलमंद नदीकाठी राहायचं. या गावाच्या वायव्येला, उघड्या वाळवंटात, तालिबानशी लढायला आलेल्या ब्रिटिशांनी २००६ साली कॅम्प बॅस्टियन हा तळ उभारला. सुरुवात तंबूंची. मग धावपट्टी, इस्पितळ, विंधन विहिरी, पिण्याचं पाणी बाटल्यांत भरायचा कारखानासुद्धा. शेजारी अमेरिकन मरीन्सचा कॅम्प लेदरनेक. हजारोंचं गाव, पण त्यात ना म्हातारं माणूस, ना पोर.

या तळांच्या तटबंदीत दगड नाही, विटा नाहीत. तारेच्या जाळीची चौकोनी पेटी, आतून जाड कापडाचं अस्तर. घडी घालून आणायची, उलगडून रांगेत उभी करायची आणि यंत्रानं तिथलीच माती आत ओतायची. संध्याकाळपर्यंत माणसाहून उंच भिंत तयार. हिचं नाव हेस्को. लीड्सजवळचा एक माजी खाणकामगार, जिमी हेसेल्डन, यानं ती काढली होती समुद्राची धूप थांबवायला. आपल्याकडे ओढ्यावर गॅबियन बंधारा घालतात ना, जाळीत दगड भरून? तिचीच ही बहीण. एक पाणी अडवते, दुसरी गोळी.

बॅस्टियन मोठा, पण गावकऱ्यांशी गाठ पडायची ती लहान चौक्यांत. ब्रिटिशांचे हेलमंद प्रांतात एके काळी असे १३७ तळ होते. कित्येक तर शेतकऱ्यांच्या मातीच्या वाड्यांत. आपल्या गढ्यांसारख्याच जाड भिंती, मधे अंगण, बाजूला मका नाहीतर अफू. काबूलचं सरकार म्हणायचं, हे पाहुणे आम्हीच बोलावलेत. गावातल्यांना मात्र मैवंद आठवायचं. १८८० साली तिथे अफगाणांनी इंग्रजी फौजेचा धुव्वा उडवला होता, आणि त्या फौजेत मुंबई ग्रेनेडियर्स, म्हणजे आपल्या मुंबई इलाख्याची पलटण होती. सव्वाशे वर्षांनी तेच अंग्रेज परत आलेले पाहून, हे सूड उगवायला आलेत, असं हेलमंदमध्ये सर्रास बोललं जायचं. मला यात नवल वाटत नाही. पानिपत आपण तरी कुठे विसरलोय?

भिंतींनी सगळं अडत नाही. सप्टेंबर २०१२मध्ये अमेरिकन गणवेश घातलेले पंधरा तालिबानी रात्री बॅस्टियनचं कुंपण कापून आत शिरले आणि त्यांनी सहा हॅरियर विमानं नष्ट केली. दोन मरीन मेले. दुसरी गोष्ट तर कपाळाला हात लावायला लावणारी. लेदरनेकमध्ये चौसष्ट हजार चौरस फुटांची, बिनखिडक्यांची इमारत बांधली, खर्च तीन कोटी डॉलरच्या वर. तिथल्या सेनाधिकाऱ्यांनी आधीच सांगितलं होतं, आम्हाला नको. बांधली, आणि वापरलीच नाही.

२६ ऑक्टोबर २०१४ला तळ अफगाण सैन्याच्या हवाली झाला. तिथे एक स्मारकभिंत होती, मेलेल्या सैनिकांच्या नावांचे पितळी फलक लावलेली. ते फलक ब्रिटिशांनी सोबत नेले. इंग्लंडात स्टॅफर्डशायरला तशीच भिंत बांधून त्यावर बसवले. हेस्कोच्या भिंती मागे राहिल्या, तिथल्याच मातीनं भरलेल्या. ऑगस्ट २०२१मध्ये लश्करगाह पडलं, आणि त्या भिंतींच्या आत तालिबान राहायला आले.

नमस्कार.