तिथी पाहून समुद्राकडे

नमस्कार श्रोतेहो.

तूर घरात आली, हरभरा घाट्यावर आहे, गव्हाला एखाद-दुसरं पाणी द्यायचं राहिलं आहे. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य, एवढ्या दिवसांत ओलिताला एक माणूस मागे राहिला तर बाकीच्यांना आठवडाभर घर सोडता येतं. आणि याच दिवसांत कोकणचा किनारा सगळ्यात सुखाचा असतो. पाऊस नाही, ऊन बोचत नाही, समुद्र शांत. म्हणून आज बोलायचं आहे ते कॅराव्हॅन घेऊन किनाऱ्या-किनाऱ्यानं निवांत जाण्याबद्दल.

कॅराव्हॅन म्हणजे झोपायची आणि रांधायची सोय असलेली गाडी. नाव नवं असलं तरी काम आपल्या ओळखीचं आहे. पंढरपूरला, माहूरला ट्रॅव्हलर करून जायचं, शेगडी-भांडी सोबत घ्यायची आणि वाटेत झाडाखाली पिठलं-भाकर करायची, हे आपल्या गावागावात चालत आलं आहे. इथं फक्त बिछाना, पाण्याची टाकी आणि शौचालयही गाडीतच असतं. राज्य सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि पुण्या-मुंबईत अशा गाड्या भाड्यानं मिळतात. माझं सांगणं असं, की आपण विदर्भातल्यांनी पुण्यापर्यंत रेल्वेनं जावं आणि गाडी तिथून घ्यावी. म्हणजे सातशे किलोमीटरचा शीण आणि डिझेल दोन्ही वाचतं. स्वतःच्या गाडीत बिछाने आणि गॅस बसवून घेणार असाल तर आधी आरटीओची मंजुरी घ्या. मंजुरीशिवाय गाडीची रचना बदलली तर उद्या विम्याचा दावा अडू शकतो.

आता नियोजनातली मुख्य गोष्ट. दिवसाला थोडं चाला. पुन्हा सांगते, दिवसाला थोडं चाला. महाराष्ट्राचा किनारा सुमारे 720 किलोमीटरचा, असं आपण शाळेत शिकलो. तो सगळा एका खेपेत पाहायला निघाल तर फक्त रस्ता पाहाल. एक तुकडा निवडा. मला सगळ्यात आवडतो तो हरिहरेश्वर ते गणपतीपुळे. पुण्याहून ताम्हिणी घाटानं माणगावला उतरायचं, तिथून म्हसळ्यावरून हरिहरेश्वर. ताम्हिणी दिवसाउजेडीच उतरा, आणि ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर सोडायची नाही.

हरिहरेश्वरपासून पुढे वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, जयगड आणि मग गणपतीपुळे. मध्ये तीन खाड्या आडव्या येतात. सावित्रीची, वाशिष्ठीची आणि शास्त्रीची. तिन्ही ठिकाणी गाड्या नेणारी फेरीबोट आहे: बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. बोट नको म्हटलं की मोठा वळसा पडतो. या बोटींमुळेच हा रस्ता मला प्रिय आहे, आणि त्यातही बागमांडल्याची बोट, कारण तिथं आमचे मामाजी सोबत होते.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आर्वी तालुक्यातले कोरडवाहू शेतकरी. वर्धा नदी पाहिलेली, अप्पर वर्धा धरण पाहिलेलं, समुद्र कधी नाही. यायला तयारच नव्हते. "मी काहून येऊ? तुम्ही जा, मी बैलं पाह्यतो," असं चाललं होतं. शेवटी पुतण्यानं त्यांची पिशवीच आधी गाडीत ठेवली. पिशवीत दोन धोतरं, टोपी, अडकित्ता आणि पंचांग.

बागमांडल्याच्या धक्क्यावर आम्ही सकाळी दहाच्या सुमारास पोचलो. बोट लागलेली होती, छोट्या गाड्या एकामागून एक चढत होत्या. आमची गाडी पुढे सरकली तशी फेरीवरच्या माणसानं हात आडवा केला. तो गाडीच्या मागे गेला, उकिडवा बसला आणि खाली पाहू लागला. मागच्या चाकाच्याही मागे गाडीचं बरंच धड असतं, आणि त्याच्या खाली सांडपाण्याच्या टाकीची तोटी लोंबते. तो म्हणाला, "आता ओहोटी आहे. बोट खाली गेलीय, उतार उभा आहे. पुढची चाकं बोटीवर चढतील आणि शेपूट धक्क्याला घासेल. ही तोटी तुटणार. पाणी चढू दे, मग घेतो."

पुतण्याचा चेहरा उतरला. संध्याकाळपर्यंत हर्णैला पोचून मासळीचा लिलाव पाहायचा असं त्यानं कागदावर लिहून ठेवलं होतं. तो वळशाचा रस्ता शोधायला लागला. मामाजी मात्र खाली उतरले आणि त्या माणसाजवळ गेले.

"भाऊ, पाणी चढते म्हणजे? वरून कोणतं धरण सोडते काय?"

आपल्याकडे पाणी वाढलं म्हणजे वर कुठं तरी पाऊस झाला, नाही तर दार उघडलं. तिसरी गोष्ट आपण पाहिलेलीच नाही. तो माणूस हसला नाही, हे मला फार आवडलं. हातातला दोर खाली ठेवून त्यानं विचारलं, "बाबा, आज तिथी कोणती?"

मामाजींनी पंचांग काढलंही नाही. "पंचमी. वसंत पंचमी."

"मग पाचाला तिनानं गुणा आणि चारानं भागा."

मामाजींनी बोटांच्या पेरांवर हिशेब केला. पंधरा भागिले चार, पावणेचार.

"पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. त्याआधी सहा तास, म्हणजे पावणेदहाला, पूर्ण ओहोटी होती. आता पाणी वळलंय. दीडपर्यंत अर्ध्याहून जास्त चढेल, तेव्हा तुमची गाडी जाईल."

श्रोतेहो, हा हिशेब लिहून ठेवा, मी पुन्हा सांगते. जी तिथी असेल तिला तिनानं गुणायचं आणि चारानं भागायचं. येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. तीच वेळ दुपारची आणि साधारण तीच पहाटेची, कारण दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, म्हणून ही तिथीची पाऊणपट. घड्याळाच्या मिनिटावर नाही मिळत, पण दिवस आखायला पुरते.

मग मामाजी धक्क्याच्या दगडी पायऱ्यांवर जाऊन बसले. खालच्या पायऱ्यांना हिरवं शेवाळ, दगडाला चिकटलेल्या कालवांच्या धारदार कडा. जिथं कोरडं होतं तिथली एक पायरी त्यांनी नजरेत धरली. थोड्या वेळानं ती बुडाली. मग वरची. पाण्याचा आवाज नाही, लाट नाही, नुसतं चढत होतं. आपल्या विहिरीच्या पायऱ्या मृगाला उघड्या असतात आणि बुडायला पोळा उजाडतो, तेच इथं दुपारच्या जेवणाआधी होत होतं. मामाजी प्रत्येक पायरीला ओरडून सांगायचे, "सूनबाई, आणखी एक गेली!"

मी उत्तर देत नव्हते, कारण मी गाडीत आडवी झाले होते. खिडकी उघडी, खारं वारं आत येत होतं, आणि दिवसाढवळ्या मी झोपले. इथं मला एक बोलायचं आहे. गाडीत शेगडी आहे म्हणून घरातल्या बाईनं तिथंही तिन्ही वेळा रांधायचं असेल तर ती तिची सहल नाही, ती चुलीची बदली आहे. सकाळचा चहा आणि एक वेळची भाकर गाडीत, तीही आळीपाळीनं. दुसरं जेवण खाणावळीत किंवा एखाद्या घरगुती मुक्कामी सांगून ठेवा. भाकर पुरुषांनाही थापता येते. माझ्या पुतण्याला त्याच प्रवासात आली. आपल्या बायका कापूस वेचून येतात आणि तशाच चुलीपुढे बसतात. निदान समुद्राकाठी तरी त्यांना पाय पसरून बसू द्या.

असो. दीड वाजता त्या माणसानं हाक मारली. धक्का आणि बोट जवळजवळ एका पातळीवर आले होते. गाडी सरळ आत गेली. तोटी कुठं टेकली नाही. मामाजी बोटीच्या कठड्याला धरून उभे राहिले, बाणकोटचा किल्ला जवळ येईपर्यंत हलले नाहीत. वेश्वीला उतरताना त्या माणसाच्या हातात त्यांनी आपल्या शेतातल्या तुरीच्या डाळीची पुडी ठेवली. ती त्यांनी कधी बांधून आणली होती, आम्हाला माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून पुतण्याचा कागद बाजूला राहिला आणि दिवस मामाजी आखू लागले. पहाटे उठून म्हणायचे, "आज सप्तमी. सव्वापाचाले भरती. सकाळी अकराले वाळू उघडी, तवा फिरा. दुपारून काही पुढं जाऊ नका." हर्णैचा लिलाव आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिला. आदल्या संध्याकाळी केळशीला थांबलो होतो, आणि केळशी आमच्या कागदावर नव्हतीच. निवांत सहल म्हणजे माझ्या लेखी हेच. मुक्कामांची नावं पक्की ठेवा, वेळा मोकळ्या ठेवा, आणि अख्खा एक दिवस कोणत्याही कामाविना शिल्लक ठेवा.

वेळ थोडा उरला आहे, तेव्हा बाकीचं भराभर सांगते.

गाडी वाळूवर नेऊ नका. ओली वाळू कडक दिसते, पण चाक थांबलं की रुतते, आणि मग भरती वाट पाहत नाही. दुसरं कारण वेळासचं. ऑलिव्ह रिडले कासवं याच दिवसांत तिथल्या वाळूत अंडी घालतात. गाडीचं चाक घरट्यावर जायला नको, आणि रात्री दिव्यांचा झोतही किनाऱ्याकडे नको, पिल्लं समुद्र सोडून उजेडाकडे भरकटतात.

माडाखाली गाडी लावू नका. नारळ पडतो तो सांगून पडत नाही. रात्रीचा मुक्काम घरगुती निवासाच्या अंगणात, नाही तर ग्रामपंचायतीला विचारून. कोकणातल्या वाडीतले रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, वर विजेच्या तारा आणि फणसाच्या फांद्या. म्हणून आपल्या गाडीची उंची मोजून काचेवर चिकटवा आणि आत शिरण्याआधी एकानं पायी जाऊन पाहावं. बोटीवर चढण्याआधी गॅसचा कॉक बंद करा. शेवटची फेरी किती वाजता, हे त्याच दिवशी विचारा. आणि शनिवार-रविवार चालत राहण्यापेक्षा एका जागी थांबून काढा, कारण पुण्या-मुंबईची गर्दी त्याच दोन दिवसांत उतरते.

पाण्याची टाकी रोज सकाळी गोड्या पाण्यानं भरून घ्या. टाकीवर काटा असतो, तो खाली येताना दिसला की घरात आपण किती पाणी सांडतो ते कळतं. आपल्या भंडारा-गोंदियाकडे कोहळी समाजानं शेकडो मालगुजारी तलाव बांधले, गाळ काढत पिढ्यान् पिढ्या जपले. आज त्यातले कितीतरी गाळानं उथळ झाले आहेत. समुद्र पाहायला जरूर जा, पण आपल्या गावच्या तलावाचा गाळ काढायचा ठराव ग्रामसभेत आला तर हात वर करायला विसरू नका.

सांडपाण्याची टाकी खाडीत किंवा किनाऱ्यावर रिकामी करायची नाही. मुक्कामाच्या ठिकाणी शोषखड्डा किंवा सेप्टिक टाकी आहे का ते आधी विचारून तिथंच.

आणि ज्यांची गाडी स्वतःची आहे त्यांच्यासाठी शेवटचं. खाऱ्या हवेनं गाडीखालचं लोखंड आणि ब्रेकच्या जोडण्या लवकर गंजतात. परत आल्यावर दोन दिवसांच्या आत गाडी खालून भरपूर धुऊन घ्या. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या श्रोत्यांनी मात्र बोअरचं पाणी वापरू नये, त्यातही क्षारच असतात. नळाच्या नाही तर कालव्याच्या पाण्यानं धुवा.

नमस्कार.