जुलै काढला पाहिजे

(दृश्य: कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या जुन्या घराची गच्ची. आभाळ भरून आलंय.)

हे सक्युलंटचं रोप बघा. वरून हिरवंगार. खोडाला बोट लावलं आणि अख्खा गुच्छ हातात आला. आत काळा लगदा. मे महिन्यात पंधरा दिवस याला पाणी नव्हतं, तेव्हा हू की चू केलं नाही. जुलैच्या झडीत आठवडाभरात सडलं.

सक्युलंट म्हणजे मांसल पानांची झाडं. ही काटकसरी जात आहे. दिवसा पानांची छिद्रं मिटून बसतात, रात्रीच्या गारव्यात उघडतात. कार्बन डायऑक्साइड रात्री साठवायचा, सकाळी उन्हात त्याचं अन्न करायचं. भर दुपारी पानातलं पाणी उडून जात नाही ते त्यामुळं. पण ज्याला कमी पाण्यात संसार करायची सवय, त्याच्या मुळाशी चार दिवस पाणी तुंबलं की हवा कोंडते आणि बुरशी धरते. आपली काळी माती तर पाणी सोडायलाच तयार नसते.

(दृश्य: दगडाच्या फटीत गुलाबासारखे गोल गुच्छ.)

युरोपात काटक म्हणतात ते याला. सेंपरव्हायव्हम, लॅटिनमध्ये 'सदा जिवंत'. आल्प्सच्या खडकांतलं झाड, बर्फाखाली महिने काढतं. वीज पडू नये म्हणून लोक ते घराच्या छपरावर लावायचे. इसवी सन ८०० च्या सुमाराला शार्लमेन राजाच्या फर्मानात माळ्यानं आपल्या घरावर हे झाड ठेवावं, असं लिहिलंय. छपराला ते चिकटवायचे शेण आणि मातीनं. आपल्या आज्जीला हे सांगितलं असतं तर तिला काहीच नवल वाटलं नसतं.

पण कोल्हापुरात बर्फ कुठला? इथं काटक कोण, तर जो जुलै काढेल तो. नर्सरीत सेंपरव्हायव्हम दिसलं तर बघा आणि पुढं चला. माझी तीन गेली. एचेव्हेरियाही देखणी, पण पावसात नाजूक. ती पत्र्याखालीच बरी. त्यापेक्षा कोरफड, घायपात, नागीण, जेड, काटेमुकुट घ्या. मुळाशी निचरा असेल तर ही तग धरतात.

(दृश्य: अंगणातला दगडांचा ढिगारा.)

रॉकरी, म्हणजे दगडांतली बाग करायची तर खड्डा नको, उंचवटा हवा. खाली विटांचे तुकडे, फुटकी कौलं. वर एक घमेलं माती, एक घमेलं वाळू, एक घमेलं क्रशरची बारीक खडी. दगड नुसते वर ठेवू नका, तिसरा हिस्सा तरी मातीत गाडा, नाहीतर पहिल्या वळवातच घरंगळतील. फौंड्रीतली टाकाऊ वाळू फुकट मिळते म्हणून आणू नका. तिच्यात साचा घट्ट धरणारी रसायनं असू शकतात.

कुंडी मातीचीच घ्या. तिच्या अंगातूनही ओल सुकते. भोकावर खापरी ठेवा. आणि खालची बशी पावसाळ्यात काढून टाका. निम्मी झाडं त्या बशीनंच मारली आहेत.

सडलेलं रोपही लगेच फेकू नका. खोड खालून वर वर कापत जा, आतला भाग स्वच्छ हिरवा लागेपर्यंत. मग उरलेला वरचा तुकडा चार-पाच दिवस सावलीत तसाच पडू दे. काप वाळून त्यावर खपली धरली की कोरड्या वाळूत टोचा. घाई केली, ओला काप लावला, की परत तोच काळा लगदा.

(दृश्य: परड्यातली काळ्या दगडाची, चुना न भरलेली भिंत.)

माझ्या मते मात्र सगळ्यात चांगली जागा ही. भिंतीत पाणी थांबतच नाही. मुळं दगडाच्या पोटात गारव्याला, पानं उन्हात. रोपाची मुळं ओल्या मातीच्या गोळ्यात गुंडाळायची, फटीत आडवी सारायची आणि बारीक दगडाची पाचर मारायची.

ही पानफुटी मात्र कुणी लावलेली नाही. मूळची मादागास्करची. वरच्या कुंडीतलं एक पान गळून या फटीत अडकलं. जवळून बघा, पानाच्या कडेला प्रत्येक खाचेत एक रोप उभं आहे, आणि त्यांची दोऱ्यासारखी पांढरी मुळं दगडावरून आत शिरतायत. बाहेर धो धो पाऊस चाललाय.